बाटलीवरचे सात

बाटली म्हटलं की आपल्याला आधी आडवी बाटलीच आठवते. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायका रांगा लावून मतदान करतात, ती. आज एका उभ्या बाटलीची गोष्ट सांगते. पिण्यासाठी नाही हो, शेतीचा इतिहास म्हणून ऐका.

या बाटलीचं नाव ‘सेत्ते’. इटलीच्या भाषेत सेत्ते म्हणजे सात. ही लाल वाइन तयार होते आपल्याच महाराष्ट्रात, सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ. कंपनीचं नाव फ्रातेल्ली, म्हणजे भाऊ. तीन घरचे दोन-दोन भाऊ एकत्र आले: इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. हे झाले सहा. सातवे पिएरो मासी, इटलीतल्या टस्कनीहून आलेले वाइनचे जाणकार. या सात जणांवरून बाटलीचं नाव पडलं.

द्राक्षाची वाइन इथेच करावी म्हणून राज्य सरकारने 2001 मध्ये धोरण आणलं होतं. त्यानंतर 2007 च्या सुमारास फ्रान्सहून कलमं आणून मोटेवाडी, निमगाव या भागात 240 एकरांवर बाग उभी राहिली. ऊस आणि दुष्काळ शेजारी शेजारी नांदणारा तो मुलूख. सेत्तेत मुख्य द्राक्षं दोन: टस्कनीचं सांजोवेझे आणि फ्रान्सचं कॅबर्ने सोव्हिन्यों. एक गंमत सांगते. काळ्या द्राक्षाचा रससुद्धा बहुतेक वेळा पांढराच निघतो, लाल रंग असतो सालीत. म्हणून लाल वाइनसाठी रस सालीसकट आंबवतात. मग ती ओक लाकडाच्या पिंपांत मुरत ठेवतात, आपण लोणचं मुरवतो तशी, पण कितीतरी जास्त दिवस.

आता बागेकडे वळू. आपल्याकडे द्राक्षाची वर्षात दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. द्राक्षपट्ट्यात कात्री बहुतेक पुरुषाच्या हातात असते, म्हणून मजुरीही त्याची जास्त. पुढचं फुटवे विरळणं, काड्या बांधणं, घड तोडणं बायकांकडे. कापूस वेचणाऱ्या आपल्या बायांना हे समजावून सांगायला नको. बाटलीवर सात मोजले, त्यात या कुणी नाहीत.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. सांजोवेझे ज्या टस्कनीतून आलं, तिथे शतकानुशतकं शेती निमबटाईने चालायची. निम्मं पीक मालकाचं, निम्मं कसणाऱ्याचं. करार व्हायचा घरच्या कर्त्या पुरुषाशी, पण त्यात सगळ्या कुटुंबाची मेहनत धरलेली. सून, लेक, म्हातारी, सगळ्या राबायच्या. अंगठा मात्र त्याचा. घरच्या कारभारणीकडे स्वयंपाकघर आणि कोंबड्यांचं अंगण, तेवढाच तिचा कारभार. 1964 मध्ये इटलीने कायदा करून असे नवे करार बंद केले. आपण इटलीची वाइन म्हटलं की थाटमाट डोळ्यांसमोर आणतो, आणि मागे हे असं घर असतं.

सातचा विषय निघालाच आहे, तर आपल्या सातबाऱ्याकडेही बघू. 1990 च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा तुकडा करून द्या, असं शेतकऱ्यांना सांगितलं. गावातल्या शंभर घरांनी तसं केलं, की ते लक्ष्मीमुक्त गाव. ही हाक आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाने ऐकली आणि तिथल्या शंभरावर बायकांना जमिनीत वाटा मिळाला. त्या बायका भेटल्या तर विचारायला हवं: नाव लागल्यावर पीक कोणतं घ्यायचं, हे कुणी ठरवलं?