हिचिनच्या विद्यार्थिनी आणि ग्रीकचे दार



एका युनियनच्या माणसाने ग्रीक भाषेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्हाला ग्रीक येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. दहावीनंतर आम्ही कारखान्यात लागलो. पुढचे जे काही वाचले ते पाळीवरून घरी आल्यावर. पण दाराशी अडवलेली माणसे आत कशी शिरली, हा प्रश्न आमच्या धंद्यातलाच आहे, आणि विलायतेत एके काळी त्या दारावर ग्रीक भाषेचे कुलूप होते.

केंब्रिजमध्ये १९१९ पर्यंत आणि ऑक्सफर्डमध्ये १९२० पर्यंत सर्वसाधारण विद्यार्थ्याला थोडेतरी ग्रीक आल्यावाचून पदवी मिळत नसे. पुढे गणित करायचे असो की रसायनशास्त्र, सुरुवातीच्या परीक्षेत ग्रीक असायचेच. केंब्रिजमध्ये या परीक्षेला मुले ‘लिटल गो’ म्हणत. एक शुभवर्तमान मूळ ग्रीकमधून, एक ग्रीक ग्रंथकार, एक लॅटिन ग्रंथकार, युक्लिडची भूमिती, अंकगणित आणि पेलीसाहेबांचा धर्मविषयक ग्रंथ, असा तो बेत. सधन घरच्या मुलांना याचे भय नव्हते, कारण त्यांच्या शाळांतून लॅटिन आणि ग्रीक लहानपणापासूनच घोकून घेत. अडत होते ते साध्या शाळेतून येणाऱ्यांचे. आणि मुलींचे तर काय विचारता! भावाला ग्रीक, बहिणीला पियानो आणि भरतकाम, अशी घराघरांतली वाटणी होती.

एमिली डेव्हिस ही अशाच एका पाद्र्याची मुलगी. भाऊ केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. हिला शाळेचे शिक्षण जवळजवळ मिळालेच नाही. याच बाईंनी १८६९ च्या ऑक्टोबरात हिचिन या गावी भाड्याच्या घरात मुलींचे कॉलेज उघडले. विद्यार्थिनी पाच. गाव लंडन आणि केंब्रिज यांच्या साधारण मध्यावर. मुली केंब्रिजच्या फार जवळ आणल्या तर लोक काय म्हणतील, ही धास्ती होतीच. शिकवणारे केंब्रिजहून आगगाडीने येत. त्यामुळे ग्रीकचा तास किती वेळ चालायचा हे वेळापत्रकापेक्षा परतीची गाडी ठरवी. पाळी संपताना बसकडे डोळे लावून बसणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

यातल्या बहुतेकींची शाळेत ग्रीकशी गाठ पडलेली नव्हती. लुइझा लम्सडेन तर अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. या वयात चोवीस अक्षरांची नवी वर्णमाला गिरवायची म्हणजे काय, ते प्रौढ शिक्षणाचे वर्ग चालवणाऱ्यांना विचारावे. अक्षरे मात्र आठवड्याभरात येतात. खरी लढाई पुढे. शब्दांवर तीन प्रकारचे स्वरचिन्ह. नाम विभक्तीप्रमाणे चालवायचे. आणि ‘लूओ’, म्हणजे सोडणे, हे एकच क्रियापद इतक्या रूपांनी चालवायचे की पान पुरत नाही.

आपल्यापैकी ज्यांनी शाळेत ‘रामः रामौ रामाः’ म्हटले आहे त्यांना याची चव ठाऊक आहे. आम्ही हायस्कुलात तीन वर्षे संस्कृत केले, आणि पुढे एका ग्रीक व्याकरणाचे पुस्तक चाळताना आम्हाला गावाकडचे कोणी अचानक परमुलखात भेटावे तसे झाले. ग्रीकमध्ये द्विवचन आहे. आपल्या आत्मनेपदासारखा स्वतःकडे वळणारा प्रयोग आहे. संस्कृतात ‘भरामि’, तर ग्रीकात ‘फेरो’. भूतकाळ करताना संस्कृतात आरंभी ‘अ’ जोडून ‘अभरत्’ होते, ग्रीकात ‘ए’ जोडून ‘एफेरे’. हिचिनच्या मुलींना ही सोबत नव्हती. त्यांची इंग्रजी तर विभक्ती केव्हाच टाकून बसलेली. शाळकरी मुलाचे दहा वर्षांचे पाठांतर त्यांना थोड्या सत्रांत उरकायचे होते.

येथे आमच्या विषयाचा गाभा आहे. डेव्हिसबाईंचा हट्ट असा की मुलींनी मुलांचीच परीक्षा द्यावी, ग्रीकसकट, आणि मुलांना जेवढा अवधी तेवढ्याच अवधीत. एक दिवस जास्त नको. याला विरोध करणारे सगळे दुष्ट नव्हते. हेन्री सिज्विक यांच्यासारखा सज्जन त्यांत होता. धर्ममताच्या सक्तीला मान तुकवणे पटेना म्हणून १८६९ साली त्यांनी कॉलेजातली आपली जागा सोडली होती. त्यांचे म्हणणे, ग्रीकची सक्तीच मुळात खुळी. ती मुलांवरून काढायची, तर मुलींवर नव्याने कशाला लादायची? त्यांच्या पुढाकाराने १८७१ साली केंब्रिजमध्ये मुलींसाठी जे घर निघाले, त्याचेच पुढे न्यूनम कॉलेज झाले. तेथे ‘लिटल गो’ची सक्ती नव्हती. ज्या मुलीला जेवढे झेपेल तेवढे तिने शिकावे.

प्रथम वाचले तेव्हा आम्ही सिज्विक यांच्या बाजूचे झालो. जुलमी अट आहे ना, मग ती पाळायची कशाला, तोडायची. डेव्हिसबाई आम्हाला हटवादी वाटल्या. मग एक जुनी गोष्ट आठवली.

एका कारखान्यात (नाव कशाला घ्या) जुळणी खात्यात बायका होत्या. कुशल कामगाराची श्रेणी मिळायला ट्रेड टेस्ट द्यावी लागे. व्यवस्थापनाने मोठ्या उदारपणे बायकांसाठी सोपी टेस्ट देऊ केली: ड्रॉइंग वाचणे नको, व्हर्नियरने माप घेणे नको. आम्हाला वाटले, जिंकलो! आम्ही सही केली. पुढच्या पगारकराराच्या वेळी साहेब शांतपणे म्हणाले, त्यांची टेस्ट वेगळी, तेव्हा त्यांची श्रेणीही वेगळी. त्या दिवशी गेटवर एका बाईंनी आम्हाला विचारले, “भाऊ, व्हर्नियर शिकायला आम्हाला किती दिवस लागले असते?” पंधरा दिवस लागले असते. आमच्या तोंडून शब्द फुटला नाही.

डेव्हिसबाईंना हे शंभरावर वर्षे आधी दिसले होते. बायकांची म्हणून वेगळी परीक्षा निघाली की ती कितीही कठीण असो, लोक तिला हलकीच समजणार, हे त्या ओळखून होत्या. पण त्यांच्या हट्टाची किंमत मुलींनी मोजली, तेही लपवू नये. पहिल्या पाचांपैकी साऱ्या काही शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. ॲना लॉइड यांना घरच्यांच्या दडपणामुळे शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले. आणि ज्या टिकल्या त्यांचा कितीतरी काळ व्याकरणाच्या घोकंपट्टीत गेला.

१८७० च्या अखेरीस परीक्षकांच्या खाजगी संमतीने मुली ‘लिटल गो’ला बसल्या आणि ग्रीकमध्ये उत्तीर्ण झाल्या. १८७३ साली सेरा वुडहेड गणिताच्या ट्रायपॉसला, म्हणजे सन्मानाच्या पदवीपरीक्षेला बसल्या. लम्सडेन आणि पुढे येऊन मिळालेल्या रेचेल कुक या अभिजात भाषांच्या ट्रायपॉसला. विद्यापीठाच्या सभागृहात त्यांना जागा नव्हती. केंब्रिजमधल्या एका हॉटेलात त्या बसल्या आणि प्रश्नपत्रिका तेथे पोचवल्या गेल्या. निकाल विद्यापीठाने जाहीर केला नाही. परीक्षकांनी कळवला एवढेच. कुक दुसऱ्या वर्गात, लम्सडेन तिसऱ्या वर्गात. तिसरा वर्ग ऐकून कोणी नाक मुरडील, तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे की शर्यतीतले बाकीचे गडी दहा वर्षे आधी पळायला लागले होते.

त्याच वर्षी कॉलेज हिचिनहून केंब्रिजजवळच्या गर्टन येथे गेले. लम्सडेनबाई १८७७ साली स्कॉटलंडात सेंट अँड्रूज येथे निघालेल्या मुलींच्या शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका झाल्या. पुढे सेंट लेनर्ड्स म्हणून नावाजलेली ती हीच. या शाळेत शिकून ॲग्नाटा रॅम्से ही मुलगी गर्टनला आली. १८८७ सालच्या अभिजात भाषांच्या ट्रायपॉसमध्ये पहिल्या वर्गाच्या पहिल्या विभागात एकच नाव आले, ते हिचे. मुलगा एकही नाही! ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने चित्र छापले: आगगाडीचा पहिल्या वर्गाचा डबा, त्यावर ‘फक्त स्त्रियांसाठी’, आणि स्वतः पंचमहाशय तिला अदबीने आत चढवताहेत. तिने पुढे हिरोडोटसच्या सातव्या पुस्तकाची आवृत्तीही काढली.

एवढे झाल्यावर विद्यापीठ विरघळले असेल असे वाटेल. नाही. १८८१ पासून परीक्षेला बसण्याची रीतसर परवानगी होती, पदवी मात्र नव्हती. १८९७ साली पदवीच्या प्रश्नावर मतदान झाले, तेव्हा जुन्या पदवीधरांना आणायला लंडनहून खास गाड्या सोडल्या. विद्यापीठाच्या सभागृहासमोर सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगला. ठराव प्रचंड मतांनी पडला. १९०५ साली ग्रीकची सक्ती उठवण्याचा ठरावही असाच पडला. जे आत आहेत त्यांना मतदानाला बोलावून बाहेरच्यांसाठी दार उघडत नाही, हे आम्ही युनियनच्या निवडणुकांतही पाहिले आहे. आमच्याकडचे कायम कामगार कंत्राटी कामगारांच्या ठरावावर कसे हात वर करतात, ते सांगायला लाज वाटते.

सक्ती उठली ती पहिल्या महायुद्धानंतर, विद्यापीठांना सरकारी पैसा हवासा झाला तेव्हा. म्हणजे शेवटी सिज्विक यांचेही म्हणणे खरेच ठरले, फक्त ते पाहायला ते राहिले नव्हते. आता ग्रीक मरणार, असे पुष्कळांनी बजावले होते. मेली नाही. उलट हिचिनला जे अपवाद म्हणून झाले ते हळूहळू विद्यापीठांतली रीत झाली: विशी गाठलेल्या माणसाला वर्णमालेपासून ग्रीक शिकवायचे. १९७८ साली प्रौढ नवशिक्यांसाठी केंब्रिजच्या छापखान्यातूनच ‘रीडिंग ग्रीक’ हा अभ्यासक्रम निघाला. त्यात लहानसहान उताऱ्यांतून वाचता वाचता व्याकरण येते, आधी तक्ते पाठ करावे लागत नाहीत. आज ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही ठिकाणी शाळेत ग्रीकचे एक अक्षर न शिकलेला विद्यार्थी अभिजात भाषांच्या पदवीला प्रवेश घेऊ शकतो.

स्त्रियांना केंब्रिजची पूर्ण पदवी १९४८ साली मिळाली. लम्सडेनबाई १९३५ साली, चौऱ्याण्णव वर्षांच्या होऊन वारल्या होत्या.