केडगावचे मुक्तिसदन
तारुण्याच्या उंबरठ्यावरच ज्यांचे मातापितर दुष्काळाने हिरावून नेले, त्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली व विधवा पुणे जिल्ह्यातील केडगावी आणून वसविल्या. १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती दीक्षा घेतलेल्या या विदुषीची दृढ श्रद्धा अशी होती की, ईश्वराचे प्रेम परित्यक्तांनाच प्रथम शोधीत येते. म्हणूनच ज्यांची कोणत्याही दप्तरी गणती नव्हती, त्यांच्यासाठी तेथे शाळा, शेती, विणकाम व छापखाना उभा राहिला. मूळ हिब्रू व ग्रीकवरून त्यांनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळेही तेथील स्त्रियांनीच जुळविले. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या, परंतु समाजाने भविष्य नाकारलेल्या त्या स्त्रियांच्या हाती आशेसमवेत उदरनिर्वाहाचे हुन्नरही त्या सोपवून गेल्या.