भार न वाहणारी भिंत

मराठीत 'भिंत' हा शब्द आधार, आडोसा आणि अडसर असे तीन अर्थ एकाच वेळी सांभाळतो. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, ही कथा चमत्काराची ठरते ती भिंतीचा धर्मच अचल राहण्याचा आहे, असे आपण मानतो म्हणून. आधुनिक वास्तुशास्त्रातील 'कर्टन वॉल', म्हणजे पडदाभिंत, या धर्माला अपवाद आहे. ती दूरच्या कारखान्यात तयार होते, प्रवास करून येते आणि इमारतीच्या सांगाड्याला टांगली जाते. छताचा वा मजल्यांचा भार ती वाहत नाही. स्वतःचे वजन आणि वाऱ्याचा दाब तेवढा सांगाड्याकडे पोचवते. महानगरांतील काचेच्या उंच इमारतींचा दर्शनी भाग बहुधा अशाच भिंतींचा असतो.

भार न वाहणारी भिंत ही कल्पना मात्र वऱ्हाडातल्या माणसाला नवी वाटू नये. दारव्ह्याच्या आसपासच्या खेड्यांतील जुन्या घरांत छताचा भार लाकडी मेढी आणि आडे पेलत असत. भिंत म्हणजे तुराट्यांचा वा पऱ्हाट्यांचा कूड आणि त्यावर मातीचा गिलावा. कूड पडला तरी घर पडत नसे. दोन पावसाळ्यांनी कूड नवा बांधावा, मेढी त्याच राहाव्यात, असा तो व्यवहार होता. सांगाडा आणि त्वचा वेगळी असावी आणि त्वचा बदलता यावी, हे पडदाभिंतीचे तत्त्व येथे कपाशीच्या काड्यांत सिद्ध झालेले होते. ते लोखंडात आणि काचेत कसे उतरले, याच्या इतिहासातही कापूस पुन्हा पुन्हा भेटतो.

1845 साली ब्रिटनने काचेवरील कर रद्द केला आणि काच स्वस्त झाली. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने उभारलेला 'क्रिस्टल पॅलेस' हा या बदलाचा जाहीरनामाच होता. ओतीव लोखंडाचे एकसारखे खांब, एका मापाच्या सुमारे तीन लाख काचा, आणि काही महिन्यांत पुरे झालेले काम. छपराच्या पन्हळींवरून धावणाऱ्या गाड्यांत बसून कारागीर काचा बसवत पुढे सरकत. बांधकाम हे 'बांधणे' न राहता 'जोडणे' होण्याची ही सुरुवात होती. ते तंत्र जवळून पाहिलेल्या अभियंत्यांत रोलंड मेसन ऑर्डिश हा एक होता.

ऑर्डिशचे नाव मुंबईशी जोडले गेले ते कापसाच्या तेजीमुळे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते. इथल्या कापसाला अकस्मात सोन्याचे मोल आले. तो पैसा मुंबईत साचला. याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर उभे राहू लागले. जुनी, जाड, भार वाहणारी आणि शत्रूला अडवणारी भिंत पडली, त्याच परिसरात भार न वाहणारी भिंत आली, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे.

जॉन वॉटसन या कापड-व्यापाऱ्याने एस्प्लनेडवर बांधवलेले 'वॉटसन्स हॉटेल' ही ती इमारत. आराखडा ऑर्डिशचा. लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून, घडवून जहाजाने मुंबईत आणल्या गेल्या आणि 1867 ते 1871 या काळात त्यांची जुळणी झाली. भार सांगाड्यावर, आणि खांबांमधील पोकळीत विटांचा भराव. काचेचा पडदा तो नव्हे. पण सांगाड्यापासून सुटलेली आणि भारातून मुक्त झालेली भिंत बहुमजली रूपात भारतात दिसली, ती येथे. अशा इमारती त्या काळी युरोपातही मोजक्याच होत्या. काळा घोड्याजवळ ती आजही उभी आहे.

या इमारतीचा एक विशेष मला फार अर्थपूर्ण वाटतो. क्रिस्टल पॅलेसची परंपरा सांगणाऱ्या या वास्तूने मुंबईच्या उन्हापुढे नमते घेतले. तिच्या मजल्यांना रुंद लोखंडी सज्जे होते, आणि खोली व ऊन यांच्यामध्ये सावलीचा एक पट्टा राहत होता. 1896 च्या आरंभी येथे उतरलेल्या मार्क ट्वेनने प्रवासवर्णनात मुंबईच्या कावळ्यांवर जे मिस्कील पान लिहिले, ते सज्ज्याविना लिहिले गेले नसते. कावळे कठड्यावर बसून त्याच्याविषयी चर्चा करत असल्याचे त्याला वाटले. त्याच वर्षी, 7 जुलै रोजी, याच इमारतीत ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. पडदाभिंतीच्या पूर्वजेत चित्रपटाचा पडदा पहिल्यांदा उजळावा, हा भाषेने साधलेला श्लेष म्हणावा लागेल.

आजची काचभिंत कशी चढते, हे पाहिले म्हणजे वारसा आणि अंतर दोन्ही कळतात. ॲल्युमिनियमच्या चौकटीत सिलिकोनने चिकटवलेली काच, एका मजल्याच्या उंचीची, क्रमांक घालून कारखान्यातून येते. प्रत्येक स्लॅबच्या कडेला आधीच ब्रॅकेट बसवलेले असतात. काँक्रीट कधीही मिलिमीटरच्या मापात सरळ नसते. म्हणून हे ब्रॅकेट तिन्ही दिशांना सरकवून जुळवता येतात. वरच्या मजल्यावरील छोट्या क्रेनने तावदान उचलून आकड्यांवर टांगायचे, शेजारच्या तावदानाच्या खाचेत सरकवायचे, आणि खालून वर एकेक रांग पुरी करायची. सांध्यांत थोडी मोकळीक ठेवलेली असते, कारण उन्हाने धातू वाढतो आणि वाऱ्याने इमारत डुलते. स्लॅबची कड आणि काच यांमधील फट अग्निरोधक लोकरीने बुजवावीच लागते. ती उघडी राहिली तर आग आणि धूर मजल्यामागून मजला चढतात. काम विलक्षण कौशल्याचे आहे. पण यात सज्जाला जागा नाही. ऊन थेट काचेवर येते, आणि त्याची भरपाई वातानुकूलन यंत्राने करावी लागते. चार्ल्स कोरिया यांनी 1983 मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईच्या 'कांचनजंगा'त उंच इमारतीलाही खोल, दुमजली उंचीचे सज्जे दिले. तो मार्ग उपलब्ध होता.

1982 च्या संपानंतर मुंबईच्या कापड गिरण्या एकेक करून थंडावल्या, 1991 च्या नियमावलीने त्यांच्या जमिनी विकासासाठी खुल्या केल्या, आणि परळच्या त्या जमिनींवर काचेचे मनोरे उभे राहिले. ज्या कापसाच्या पैशाने पहिली भारमुक्त भिंत आणली, त्याच कापसाच्या गिरण्यांच्या जागी शेवटी काच आली. दारव्ह्यावरून जाणाऱ्या 'शकुंतला'चे मँचेस्टरमध्ये घडलेले इंजिन 1994 पर्यंत या अरुंद रुळांवर धावले. तो रूळ मुळात आमचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठीच टाकलेला होता. मुंबईच्या दर्शनी भागाचा इतिहास म्हणूनच आमच्याही तालुक्याचा इतिहास आहे.

वॉटसनच्या इमारतीचे हॉटेलपण कधीच संपले. पुढे 'एस्प्लनेड मॅन्शन' या नावाने ती वकिलांच्या कचेऱ्या आणि बिऱ्हाडे यांच्या फळकुटी विभागण्यांनी भरली. 2005 मध्ये तिच्या सज्ज्याचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. 2019 मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून ती रिकामी करण्यात आली, आय.आय.टी. मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली, तर वारसा-संवर्धकांनी ती वाचवता येते असे मांडले. माणसांचे जीव आधी, यात दुमत नाही. पण सुटे भाग जोडून उभी राहिलेली वास्तू सुटे भाग बदलून टिकवता येते, हे तिच्या जन्माचेच तत्त्व होते. आपण जोडणीचे तंत्र घेतले, डागडुजीची शिस्त घेतली नाही. आजच्या काचभिंतींचे सिलिकोन आणि रबरी पट्ट्याही काही दशकांत झिजतील. तेव्हा तोच प्रश्न शंभरपट उंचीवर उभा राहील.

दोन पावसाळ्यांनी कूड नवा करणाऱ्या कुणब्याला जे ठाऊक होते, ते इतकेच की भार न वाहणारी भिंत फुकट मिळत नाही. तिचा भार पुढच्या पिढीच्या हातांवर असतो.