पायदळाच्या चालीचा रणगाडा

देवळालीच्या तोफखाना शाळेमुळे नाशिककरांस लष्कराचा सहवास नित्याचा झाला आहे. परंतु रणगाड्याचा इतिहास डोळ्यांनी पाहावयाचा असेल, तर ज्या अहमदनगर जिल्ह्याचे काही तालुके तोडून 1869 साली नाशिकचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला, त्याच्या मुख्य शहराची, म्हणजे आजच्या अहिल्यानगराची, वाट धरावी लागते. तेथे चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने फेब्रुवारी 1994 मध्ये स्थापिलेल्या संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे जतन करून ठेविले आहेत, आणि त्यांत ‘मटिल्डा’ या ब्रिटिश रणगाड्याचे स्थान मला विशेष मोलाचे वाटते.

सप्टेंबर 1916 मध्ये सोमच्या रणभूमीवर रणगाडा प्रथम अवतरला, त्यानंतर ब्रिटिश सेनापतींनी त्याच्या दोन जाती कल्पिल्या: एक रिसाल्याप्रमाणे धावणारी, दुसरी पायदळाच्या चालीने त्याच्या पुढे राहून गोळ्या अंगावर घेणारी. मटिल्डा या दुसऱ्या जातीची. वजन सुमारे 27 टन, पुढील चिलखत 78 मिलिमीटर जाड, आणि वेग मात्र रस्त्यावरही ताशी 24 किलोमीटरांच्या आसपास. दोन्ही बाजूंची चाके जाड पोलादी पत्र्यांआड झाकलेली असून, पट्ट्यांनी वर ओढलेला चिखल खाली गळून जावा म्हणून त्या पत्र्यांत उतरती दारे ठेविली आहेत.

हे यंत्र इंग्लंडातील ज्या व्हल्कन फाउंड्रीत आकारास आले, त्याच कारखान्याची इंजिने 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी घेऊन गेली होती; आणि रेल्वे कामगार ज्यांना ‘खेकडा’ म्हणत, त्या घाटांतील मालगाड्यांच्या जुन्या विद्युत इंजिनांपैकीही बहुतेक तेथेच घडली होती.

9 डिसेंबर 1940 रोजी इजिप्तमधील निबेवाच्या इटालियन छावणीवर चौथ्या भारतीय डिव्हिजनने हल्ला केला, तेव्हा अग्रभागी मटिल्डाच होते, आणि शत्रूच्या रणगाडाविरोधी तोफांचे गोळे त्यांच्या चिलखतावर निष्फळ ठरले. पुढे मार्च 1941 मध्ये एरिट्रियातील केरनच्या डोंगरांत मराठा पलटणींनी रक्त सांडिले, त्याच लढाईच्या अखेरीस घळीतील रस्ता मोकळा होताच मटिल्डा पुढे सरसावले. परंतु त्याच वर्षी जूनमध्ये हलफाया खिंडीत जर्मनांच्या 88 मिलिमीटर तोफेने हे चिलखत दुरूनच भेदिले. मटिल्डाचा बुरूज अरुंद असल्याने त्यात मोठी तोफ बसविता येईना, आणि थोड्याच काळापूर्वी अभेद्य वाटलेले यंत्र आफ्रिकेत मागे पडले.

त्या 88 मिलिमीटर तोफेचा नमुनाही याच संग्रहालयात आहे. दोन्हींची एकत्र पाहणी केल्याविना यांपैकी एकाचाही अर्थ पुरता उमगत नाही. कोणतेही चिलखत चिरकाल टिकत नाही, हे खरेच. तथापि पायी चालणाऱ्या शिपायाचा जीव वाचावा, ही ज्या गरजेतून मटिल्डा जन्मास आला ती निकड कधीही कालबाह्य होणारी नाही, आणि म्हणूनच असल्या जुन्या लोखंडाचे जतन करणे हे इतिहासाचे दप्तर सांभाळण्याइतकेच कर्तव्याचे काम आहे.