आजार त्याचा, शिफ्ट कुणाची?

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली. तीच आपली जुनी गिरणी. मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा एकेक गिरण्या आल्या आणि गाव भोंग्यावर उठायला लागलं. पट्ट्यात सापडून कुणी मेला तर काय, याचं उत्तर तेव्हा १८५५ च्या एका कायद्यात होतं. वारसांनी दावा लावायचा, पण मालकाची चूक सिद्ध करायची. आता गिरणी कामगाराची विधवा मालकाची चूक कुठून सिद्ध करणार?

१९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. काही अपवाद सोडले, तर चूक कुणाची हा प्रश्नच त्याने काढून टाकला. कामामुळे आणि काम चालू असताना अपघाताने इजा झाली, एवढं पुरे. मृत्यू झाल्यास ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. पुढे हात, अंगठा, डोळा यांचा टक्केवारीतला तक्ता. मी सॉफ्टवेअरवाला आहे. तो तक्ता पहिल्यांदा वाचताना एखादी कॉन्फिग फाइल उघडल्यासारखं वाटलं. हा अवयव, ही किंमत.

पण सगळी शरीरं अशी तुकड्यातुकड्याने जात नाहीत. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षं राबलेल्याची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळून येते, मग रोजच येते. या आजाराला कायद्याने पुढे आपल्या यादीत जागा दिली. हृदयाचं दुखणं मात्र यादीत बसत नाही. ते माणूस घरून घेऊन येतो. तो माणूस मशीनजवळ कोसळला, तर मालक सहज म्हणू शकतो, ‘हा आधीच आजारी होता.’

या वाक्याला पहिलं मोठं उत्तर इंग्लंडमध्ये मिळालं. तिथला एक कामगार पान्याने नट आवळत होता. त्याच्या महाधमनीला आधीच मोठा फुगा आलेला होता, इतका की तो झोपेतही फुटू शकला असता. तो नट आवळताना फुटला. १९१० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने सांगितलं की हा अपघातच, भरपाई द्या. म्हणजे कामावर घेतलेला माणूस जसा आहे तसा घेतलेला असतो, त्याच्या कमकुवत धमनीसकट.

आपल्याकडचा खटला मुंबईतला, बॉम्बे पोर्ट ट्रस्टचा. हृदयरोग असलेला एक पहारेकरी रात्रपाळीत छातीत कळ येऊन गेला. ना काही पडलं, ना काही फुटलं. त्याच्या पत्नीचा दावा मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आला. निकाल १९५४ च्या संग्रहात छापलेला आहे. मृत्यूचं एकमेव कारण नोकरी असण्याची गरज नाही, तिने मृत्यूला हातभार लावला किंवा तो लवकर आणला तरी मालक जबाबदार, असं न्यायालय म्हणालं. उभं राहून, फिरून आलेला ताणसुद्धा धरला गेला.

मला हे फार ओळखीचं वाटतं. सर्व्हर पडला की आम्ही कारणं शोधायला बसतो. डिस्क आधीपासून खराब होती हे खरं असतं, आणि त्या रात्री लोड कुणी वाढवला हा प्रश्नही खरा असतो. फरक इतकाच की आमच्याकडे लॉग असतात.

पुराव्याशिवाय हा नियम चालत नाही, हेही न्यायालयांनी बजावलंय. २००६ साली नेल्लोरच्या वीज केंद्रातल्या कामगाराचा दावा सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. त्याला हृदयविकार होता, काम बटण चालू-बंद करण्याचं, त्यात ताण कसला, असा तो तर्क. २०१२ साली मात्र दिल्लीहून १,१५२ किलोमीटर ट्रक नेऊन वाटेत मेलेल्या चालकाच्या घरच्यांना भरपाई मिळाली. किलोमीटर मोजता येतात. यंत्रमागावरच्या बारा तासांचं काय?

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीतले एक मामा टॉवेलच्या मागावर होते. स्टेंट बसवल्यावर दोन महिन्यांत पुन्हा रात्रपाळीला गेले, कारण उचल फिटायची होती. एका पहाटे मागाशेजारी खाली बसले ते उठलेच नाहीत. दहाव्याला कारखान्याकडून पाकीट आलं आणि एक कागद आला. मामींनी अंगठा दिला. ‘आजारीच होते की ते,’ असं गल्लीतले लोकही म्हणाले. राग मला त्या वाक्याचा आला. पाकीट आणणाऱ्याने निदान काही आणलं तरी होतं.

कायद्यात या पाकिटाचा विचार १९२३ पासूनच आहे. मृत्यूची भरपाई आयुक्ताकडेच जमा करावी लागते. मालकाने परस्पर दिलेला पैसा भरपाई मानलाच जात नाही. आगाऊ रकमेची थोडी वजावट मिळते, तेवढीच. आणि हक्क सोडल्याचा कागद, मग त्यावर सही असो की अंगठा, तेवढ्यापुरता रद्द. आज मृत्यूसाठी पगाराच्या ५० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. पगार कितीही असला तरी १५,०००च्या वर धरत नाहीत. भरपाई किमान १,२०,००० रुपये, महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे. कारखान्याला ईएसआय लागू असेल तर वाट वेगळी, तिथे वारसांना पेन्शन.

हे सगळं मी मामींच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, ‘दादा, बाबांचं नाव कुठल्याच हजेरीत नाही.’ दावा लावायची मुदत दोन वर्षं, त्यातले चौदा महिने गेलेत. स्टेंटची फाइल पत्र्याच्या पेटीत सापडली. पण त्या रात्री मामा किती माग बघत होते, किती तास उभे होते, हे सांगू शकणारा शेजारच्या मागावरचा माणूस आता सुरतेला आहे. त्याचा नंबर आम्ही शोधतोय.