चौसष्ट दिवसांचा बंदिवास

साथीच्या रोगाचा विषय निघाला की महाराष्ट्रास १८९७ सालचा पुण्याचा प्लेग आठवतो. त्या वेळी घरोघर झडत्या झाल्या, माणसे छावण्यांत नेण्यात आली आणि रोगाइतकीच त्याच्या बंदोबस्ताचीही लोकांनी धास्ती घेतली. नव्वद वर्षांनंतर एड्सच्या निमित्ताने गोमंतकात तीच भीती निराळ्या वेषाने पुन्हा अवतरली.

ह्या रोगाची पहिली नोंद १९८१ साली अमेरिकेत झाली आणि १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला. बाधित रक्त, लैंगिक संबंध, दूषित सुई आणि मातेकडून अपत्य हे त्याच्या प्रसाराचे मार्ग होत. स्पर्शाने वा एकत्र राहिल्याने तो जडत नाही, हेही लवकरच कळून चुकले. तथापि गोव्याच्या आरोग्यविषयक कायद्यात बाधितांस अलग ठेवण्याचे कलम घालण्यात आले.

डॉमिनिक डिसोझा हे गोव्यातील तरुण नियमाने रक्तदान करीत असत. त्यांच्या रक्तात विषाणू आढळला आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्यांस ताब्यात घेतले. क्षयरोग्यांच्या एका जुन्या आरोग्यधामात ते ६४ दिवस एकाकी राहिले. मातोश्री लूसी ह्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली, तेव्हा त्यांची सुटका झाली. मात्र ते कलम न्यायालयाने वैधच ठरविले. १९९२ साली डिसोझांनी बाधितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारली आणि त्याच वर्षी त्यांचा अंत झाला.

पुढे १९९७ साली त्याच उच्च न्यायालयाने मुंबईत निराळा निर्णय दिला. काम करण्यास समर्थ असलेल्या व इतरांस धोका नसलेल्या माणसास केवळ बाधेपायी नोकरी नाकारता येणार नाही, असे त्याने ठरविले आणि फिर्यादीचे नावही गुप्त राहू दिले. २०१७ च्या केंद्रीय कायद्याने तपासणीस संमती, माहितीची गुप्तता आणि भेदभावास मनाई ही तत्त्वे देशभर लागू केली.

ह्या परिवर्तनात दयेइतकेच व्यवहाराचे शहाणपणही आहे. तपासणीची वाट कोठडीकडे जाते असे दिसल्यास कोण तपासून घेईल? २००४ पासून सरकारी रुग्णालयांत औषधे विनामूल्य मिळू लागली. परंतु औषध घेण्यास माणसाने आधी निर्भयपणे दारापर्यंत यावे लागते. डिसोझांच्या चौसष्ट दिवसांनी हाच धडा घालून दिला.