थ्रेड : पांढऱ्या थराखालचे साल

नोव्हेंबर १९४१. मॉस्कोच्या रोखाने निघालेले जर्मन रणगाडे गडद राखाडी होते आणि भोवताली बर्फ पसरला होता. पांढरा रंग पुरेसा सोबत आणलेला नव्हता. सैनिकांनी हाताशी लागेल ते फासले : चुना, खडू; काही ठिकाणी तर चक्क पांढऱ्या चादरी अंथरल्या.

याच रणगाड्यांची १:३५ प्रमाणातील मॉडेल्स रंगवणारे छांदिष्ट आजही त्या चुन्यापाशी अडतात.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘वॉश’ म्हणजे मळ नव्हे. सुमारे सहा मीटरांचा पॅन्झर-४ मॉडेलमध्ये जेमतेम १७ सेंटिमीटरांचा होतो. त्याच्या झाकणांच्या फटी आणि रिव्हेटच्या कडा इतक्या उथळ उरतात, की खरी सावली तिथे पडतच नाही. अतिशय पातळ केलेला गडद रंग त्या खाचांत ओघळू दिला, की हरवलेली सावली परत येते. वॉशचे पहिले काम एवढेच.

‘वेदरिंग’चे तसे नाही. तिथे काळाचा हिशेब द्यावा लागतो.

ती सफेदी मुळातच तात्पुरती होती. वसंतात ती उतरवायचीच असे. पावसाने ती ओघळे, सैनिकांच्या बुटांनी झिजे. मॉडेलवर हे साधण्याची युक्ती मजेदार आहे. मूळ रंगावर हेअरस्प्रेचा थर द्यायचा, त्यावर पांढरा ॲक्रिलिक रंग. तो वाळला, की ओल्या ब्रशने हलकेच घासायचे. पाण्याने खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि पांढऱ्याचे पोपडे सुटतात. खऱ्या सफेदीसारखेच.

पण पोपड्याखाली काय दिसावे? खरा पेच इथे आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने वाहनांचा मूळ रंग राखाडीऐवजी गडद पिवळा करण्याचा आदेश काढला. म्हणजे १९४१-४२ च्या हिवाळ्यातील रणगाड्यावर पांढऱ्याखाली पिवळा दिसला, तर मॉडेल कितीही देखणे असो, ते खोटे आहे. १९४३-४४ च्या हिवाळ्यात मात्र तोच पिवळा, आणि त्यावरचे हिरवे-तपकिरी पट्टे, अगदी योग्य.

गंजाबाबतही हीच गल्लत होते. जर्मन पोलादावर सर्वांत खाली तांबूस अस्तर-रंग असे. खोल ओरखड्यातून तो डोकावतो आणि हौशी मंडळी त्यालाच गंज समजून सबंध रणगाडा गंजवून टाकतात! गंज शोधायचा तर धुराड्यापाशी. तिथला रंग उष्णतेने जळून जाई. साखळीपट्ट्यांचा जमिनीला घासणारा भाग उलट चकचकीत असे.

एवढे सगळे ठरवायचे ते बहुधा कृष्णधवल छायाचित्रांवरून. त्यांत पांढऱ्याखालचा राखाडी कोणता आणि मळलेला पिवळा कोणता, हे डोळ्यांना सहसा उमगत नाही. मग छायाचित्र उलटून मागे कोणी तारीख किंवा गावाचे नाव लिहिले आहे का, ते आधी पाहावे लागते. रंगाची बाटली त्यानंतर उघडायची.